औषधाच्या पाकिटावरचा क्यूआर कोड: किती भरवशाचा?

डोलो, कॅलपॉल, सॅरिडॉन, थायरोनॉर्म अशा ३०० ब्रँडच्या औषधांवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केला की औषधाचं मूळ नाव, ब्रँड, उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत आणि परवाना क्रमांक दिसायला हवा. सोय फुकट आणि चांगली आहे. पण कोड उघडला म्हणजे औषध अस्सल, असं समजू नका.

युरोपीय संघात २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधांच्या जवळपास प्रत्येक खोक्याला स्वतंत्र क्रमांक असतो आणि विक्री होताच तो बाद केला जातो. आपल्याकडे विकलेला कोड असा बाद होत नाही. एका अस्सल पाकिटावरचा कोड हजार बनावट पाकिटांवर छापला, तरी तो उघडतोच.

म्हणून खरं काम स्कॅन झाल्यावर सुरू होतं. स्क्रीनवरचा बॅच नंबर आणि मुदत स्ट्रिपवरच्या छापील आकड्यांशी अक्षर न् अक्षर जुळवा. निष्काळजी नक्कल इथेच पकडली जाते. वेबपान उघडलं तर त्या पानाचा वेब-पत्ता कंपनीचाच आहे ना, ते पाहा. कापून दिलेल्या चार गोळ्यांवर अनेकदा ना कोड असतो ना बॅच. अँटिबायोटिक आणि रक्तदाबाच्या गोळ्या अख्ख्या स्ट्रिपमध्येच घ्या, इन्सुलिन सीलबंद खोक्यातच घ्या आणि बॅच नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागा.

सगळ्यात मोठं भगदाड म्हणजे ३०० ची मर्यादा. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या तपासणीत बनावट निघाल्या. सरकारी दवाखान्यातल्या अशा जेनेरिक औषधांवर या कोडची सक्तीच नाही. गोळीत औषध नसेल तर संसर्ग वाढतो. अपुरं असेल तर चिवट जंतू तगतात आणि ते घरादारात, वॉर्डात पसरतात. रक्तदाबाची बनावट गोळी तर कळतही नाही. आकडा उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात आणि पुढची स्ट्रिप अस्सल निघाली की रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो.

शंका आली तर स्ट्रिप, खोका आणि बिल जपून ठेवा आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला १८००२२२३६५ वर कळवा. रक्तदाबाचं किंवा फिट्सचं औषध मात्र बंद करू नका. डॉक्टरांना सांगून त्याच दिवशी दुसऱ्या दुकानातून नवी स्ट्रिप घ्या.