व्हेल शार्क की हिरवी मुनिया? प्रकल्पासाठी विषय निवडताना

बडोद्यात प्राणिशास्त्र शिकणारे विद्यार्थी वर्षभराच्या प्रकल्पासाठी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा व्हेल शार्क आणि आबूच्या डोंगरातला हिरवी मुनिया हा छोटा पक्षी यांपैकी एक विषय निवडणार असतील, तर त्यांनी आधी दोघांचे वर्गीकरण पाहावे, कारण संवर्धनातल्या अडचणींची मुळे बरीचशी तिथेच सापडतात.

कमाटीबागेच्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा जो प्रचंड सांगाडा आपण लहानपणापासून पाहत आलो, तो सस्तन प्राण्याचा आहे. व्हेल शार्क मात्र नावात व्हेल असूनही मासाच आहे आणि त्याचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा, म्हणजे मऊ लवचीक हाडाचा, असतो. जगातला हा सर्वांत मोठा मासा प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळून खातो. त्याला प्रजननक्षम व्हायला दोन-तीन दशके लागत असल्यामुळे मारल्या गेलेल्या एका मादीची उणीवही लवकर भरून येत नाही. होड्यांना लावण्याच्या तेलासाठी आणि पुढे मांसाच्या निर्यातीसाठी वेरावळच्या बाजूला त्याची शिकार होत असे. २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण त्याला मिळाले, पण खरा बदल झाला तो रामकथाकार मोरारी बापूंनी त्याला बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिल्यावर. आज मच्छीमार स्वतःचे जाळे कापून त्याला सोडतात आणि राज्य सरकार त्यांना जाळ्याची भरपाई देते.

हिरवी मुनिया गायक पक्ष्यांच्या गणातली, जेमतेम दहा सेंटिमीटरची आणि केवळ भारतात आढळणारी. तिच्या प्रजातीचे ‘अमांडवा’ हे शास्त्रीय नाव अहमदाबादवरून आले आहे, कारण मुनिया पिंजऱ्यात घालून तिथूनच परदेशी जात, आणि पिंजऱ्याचा हा धोका देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आल्यानंतरही टळलेला नाही. जागतिक लाल यादीत व्हेल शार्क ‘संकटग्रस्त’ आहे, तर मुनिया त्याहून एक पायरी कमी धोक्याच्या ‘असुरक्षित’ गटात. परंतु एका विणीत अनेक अंडी घालणारा हा पक्षी उंच गवत आणि उसाची शेते टिकली व पकडणे थांबले, तर लवकर सावरू शकतो.

माझा कौल मुनियेला आहे. व्हेल शार्कच्या अभ्यासाला होडी, परवानगी आणि मोठा खर्च लागतो. आबू रोडला मात्र रेल्वेने जाऊन दुर्बीण व वहीच्या आधारे खऱ्या नोंदी करता येतात. फक्त घरट्यांच्या नेमक्या जागा कोणत्याही अहवालात छापू नयेत, कारण त्या पारध्यांच्याही उपयोगी पडतात.