साताऱ्यातली ॲडव्होकसी मोजायची कार्यशाळा: जाऊन आले, जरूर जा

पोवई नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये दोन दिवसांची कार्यशाळा होती, विषय असा की ॲडव्होकसी, म्हणजे धोरण बदलायचं, पाठपुराव्याचं जे काम आपण करतो, त्याचा परिणाम मोजायचा कसा. मी दहिवडीकडून एसटीने गेले, आमची छोटी संस्था आहे, घराच्या 'नमुना आठ'वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरनोंदीच्या उताऱ्यावर, नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लागावं म्हणून गावोगावी काम करतो आणि आजवर रिपोर्टमध्ये काय लिहायचो तर बैठका इतक्या, निवेदनं इतकी, हजर बायका इतक्या. फंडरचा, म्हणजे निधी देणाऱ्यांचा, फॉरमॅटच तसा असतो. पण त्यातनं बदललं काय हे कुठेच येत नाही, ही माझी जुनी बोच.

पहिल्याच सेशनला शिकवणाऱ्या ताईंनी एकेक कार्ड दिलं आणि म्हणाल्या, घडलेला एकच बदल लिहा, कोण बदललं, काय वेगळं करायला लागलं, कधी, कुठे, आणि त्यात तुमचा वाटा किती. मी लिहिलं, अमुक गावात ग्रामसेवकांनी बायकांची नावं लावली, आमच्यामुळे. ताईंनी 'आमच्यामुळे'वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, भाऊसाहेबांना, म्हणजे त्या ग्रामसेवकांना, विचारलं तर ते हेच सांगतील का? चहाच्या सुट्टीत मी तिथनंच फोन लावला. भाऊसाहेब म्हणाले, ताई तुमची यादी तयार होती म्हणून काम सोपं झालं हे खरं, पण बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेबांनी मीटिंगला विषय घेतला म्हणून मी हात घातला. मग कार्ड खोडून परत लिहिलं, बीडीओंचा आदेश, त्याला आमची यादी आणि बायकांनी ग्रामसभेत विचारलेले प्रश्न यांची जोड. खरं सांगते, आधीच्या वाक्यापेक्षा हे वाक्य मला जास्त आवडलं, कारण आता पुढच्या गावात आधी कुणाकडे जायचं ते कळलं.

या पद्धतीला आउटकम हार्वेस्टिंग म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी खळ्यावर रास करायची आणि मग मागे जाऊन कुणी पेरलं, पाऊस कधी पडला ते बघायचं, आणि आपलंच म्हणणं खरं धरायचं नाही, ज्याला माहिती आहे अशा बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचं.

दुपारी जादूटोणाविरोधी कायद्याचं उदाहरण घेतलं तेव्हा हॉल एकदम शांत झाला, दाभोलकरांचा साताराच तो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जवळपास १८ वर्षं पाठपुरावा केला, ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा. आता दरवर्षीच्या रिपोर्टात 'कायदा झाला का' एवढाच रकाना असता तर एवढी वर्षं तिथे 'नाही' हेच आलं असतं! मधल्या काळात मसुदा किती वेळा बदलला, कुठला आमदार उघडपणे बाजूने बोलायला लागला, विरोध करणारे कुठल्या मुद्द्यावर मागे आले, हे सगळं बदलच आहेत आणि ते त्या त्या वेळी लिहून ठेवले नाहीत तर नंतर कुणाला आठवत नाहीत. आणि कायदा झाल्यावर मोजणी संपत नाही, दक्षता अधिकारी नेमले का, गुन्हे त्या कायद्याखाली नोंदवतात का, हे पुढे आहेच.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाचंही तसंच. मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढलं. किती ग्रामपंचायतींनी ठराव केले हे मोजायला सोपं, पण नवरा गेल्यावर तिच्या बांगड्या फोडल्या की नाही, हळदीकुंकवाला तिला बोलावलं का, हे दारात जाऊनच कळतं.

आता जे पटलं नाही ते. हँडआउट सगळे इंग्रजीत, फील्डवरच्या पोरींनी ते वाचायचे कसे? दुसऱ्या दिवशीची एक्सेल शीट फार पळवली, माझ्या शेजारच्या काकूंना लॅपटॉप उघडायलाच वेळ लागला तोवर तीन टॅब पुढे. आणि एखादा सरकारी अधिकारी बोलवायलाच हवा होता, आपलं निवेदन टेबलावर आल्यावर त्याचं पुढे काय होतं हे तोच सांगणार.

फी १५०० रुपये, त्यात दोन्ही दिवसांचं जेवण, मुक्काम आपला आपण. जाणार असाल तर संस्थेतनं दोघं जा, एक फील्डवरचा आणि एक रिपोर्ट लिहिणारा, मी एकटी गेले आणि आता ऑफिसात एकेकाला हे कार्ड समजावत बसलेय.