सहा महिन्यांनंतर मोटरहोम: सगळं छान, फ्रिज सोडून (आणि नंतर फ्रिजही)

आमचं मोटरहोम म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी. इंजिन दमदार आहे, पलंग ऐसपैस आहे, टॉयलेटची कॅसेट (खालची मैल्याची टाकी) रिकामी करायची किळस आठवडाभरात जाते. सात मीटर लांबी, साडेतीन टन, साध्या कारच्या लायसन्सवर चालते, हे तुम्हाला माहीत असेलच. मला बोलायचंय ते फ्रिजबद्दल. जर्मनीत सेकंडहँड घेतलेली ही गाडी आम्ही वसंतात स्पेनच्या दक्षिणेला नेली, मग उन्हाळ्यात मध्य आणि उत्तरेला. कुठला डोंगर कधी चढायचा हे दोन्ही वेळा या फ्रिजनेच ठरवलं.

फ्रिज तीन प्रकारे चालतो. गाडी पळत असताना 12 व्होल्टवर, कॅम्पिंगच्या जागेत प्लग मिळाला तर 230 वर, एरवी गॅसवर. आत कॉम्प्रेसर नाही, अमोनियाचं पाणी तापवून थंडावा तयार होतो, म्हणून आवाज अजिबात नाही. विकणाऱ्याने हे कौतुकाने सांगितलं. पण 12 व्होल्टवर तो आहे तो गारवा जेमतेम राखतो, हे सांगितलं नाही. गाडी तिरकी उभी राहिली तर आतलं द्रावण नीट वाहत नाही, हेही नाही.

एप्रिलमध्ये दक्षिणेच्या आल्पुहारास भागात कापिलेइरा गावात होतो. उंची 1436 मीटर, समोर सिएरा नेवाडाच्या डोंगररांगेवर बर्फ. पोकेइराच्या दरीतून चालायला फार सुंदर वाटा आहेत. मध्ययुगात इथे राज्य करणाऱ्या मूर (मुस्लिम) लोकांच्या काळापासूनचे पाण्याचे पाट आजही शेतांना पाणी देतात, त्यांच्या कडेकडेने तासन् तास चालता येतं. वाटेवर रंगवलेल्या पांढऱ्या-लाल पट्ट्या म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पांढऱ्या-पिवळ्या म्हणजे छोटी, एवढं कळलं की चुकायची भीती नाही. फ्रिजची ज्योत मात्र रोज विझायची. हजार मीटरच्या वर असं होऊ शकतं, असं पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलंय. बाहेरच इतकी थंडी होती की दूध खिडकीत ठेवून भागलं, म्हणून तेव्हा मी गप्प बसले.

जुलैअखेर एक्स्ट्रेमादुरा प्रांतातल्या मोनफ्राग्वे राष्ट्रीय उद्यानात पोचलो आणि माझं डोकं फिरलं. सावलीत चाळीस अंश. पहाटे निघून साल्तो देल हितानोच्या कड्यासमोर उभं राहिलं की ग्रिफन गिधाडं डोळ्यांच्या उंचीवरून जातात. नुसतं त्यासाठी परत जाईन. पण अकराच्या आत गाडीपाशी पळत यावं लागायचं, कारण फ्रिजमागची गरम हवा बाहेर सोडणाऱ्या, गाडीच्या बाहेरच्या जाळीवर ऊन आलं की फ्रिजच्या आतलं तापमान सोळा-सतरावर. विरजण लावायची गरजच नव्हती, दूध आपोआप लागायचं.

आता यातली गंमत बघा. फ्रिजची जाळी दाराच्याच बाजूला, बरोबर ओढून उघडायच्या कापडी छताखाली. छत उघडलं की सावली. पण स्पेनमध्ये गाडी नुसती पार्क केलेली आहे की कॅम्पिंग चाललंय, हे यावरच ठरतं. आत झोपा, स्वयंपाक करा, कुणी काही म्हणत नाही. छत उघडलं, टेकूचे पाय खाली सोडले, खुर्च्या बाहेर मांडल्या, की ते कॅम्पिंग, आणि दंड. म्हणजे सावली हवी असेल तर कॅम्पिंगच्या जागेचे तीस युरो भरा. फुकट पार्किंगच्या देशात फ्रिजला सावली मिळावी म्हणून तीस युरो! मी भरले नाहीत. जाळी उत्तरेला येईल अशीच गाडी लावायची, मग दाराबाहेर कचऱ्याचे डबे आले तरी चालतील, असा नियम केला. नवरा म्हणाला, आपण गिधाडं बघायला आलोय की वास्तुशास्त्र बघायला.

दुरुस्तीवाल्यांबद्दल काय सांगू. पहिल्या वर्कशॉपच्या दारावर ऑगस्टभर सुट्टीची पाटी. दुसऱ्याने दार उघडून पाहिलं, 'युनिट गेलं' म्हणाला आणि नव्या फ्रिजचा मजुरीसकट आकडा सांगितला: 1900 युरो. जर्मनीतल्या विक्रेत्याला ईमेल केला तर उत्तर आलं, आतलं लेबल पाहा. लेबलवर हवामान वर्ग एसएन. म्हणजे बाहेर 10 ते 32 अंश असताना चालण्याची हमी. थोडक्यात, बिघाड नाहीच, तुम्ही चुकीच्या देशात गेलात. त्यात जर्मन गॅस सिलिंडर स्पेनमध्ये बदलून मिळत नाही, तिथली नारिंगी टाकी वेगळी, जोडणी वेगळी. तेव्हा अर्धवट गारव्यासाठी गॅस जळताना बघून जीव तुटायचा.

इथपर्यंतचं वाचून, 'अशी गाडी विकत घेऊ नका' असं मी म्हणणार, असं वाटलं असेल. मीही या अनुभवाला दोनच तारे देणार होते.

पण उत्तरेकडे जाताना एका गावाच्या फुकट थांब्यावर शेजारच्या गाडीतल्या निवृत्त आजोबांनी आमची जाळी काढली. बर्नरवर चिमणीतून पडलेला गंज साचला होता, तो कोरड्या ब्रशने झाडला (गॅसच्या नळीला हात लावला नाही, तुम्हीही लावू नका). मग वरच्या जाळीमागे कंप्युटरचे दोन 12 व्होल्टचे पंखे बसवले. मागची गरम हवा कोंडून राहिली की हा फ्रिज मरतो, एवढं साधं कारण. खर्च चोवीस युरो. चहा घेतला, पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर उत्तरेचा आस्तुरियास प्रांत. आरेनास दे काब्रालेसला गाडी ठेवून कारेसची घळ चाललो. पोन्सेबोस ते काइन, एका बाजूने साधारण 12 किलोमीटर. वीजप्रकल्पाच्या कालव्याच्या देखभालीसाठी कड्यात कोरलेली वाट, मधेमधे बोगदे, खाली नदी आणि कठडा बहुतेक ठिकाणी नाहीच. ऑगस्टमध्ये गर्दी असते, सकाळी आठच्या आत निघा. आख्खा दिवस गाडी बंद होती. संध्याकाळी फ्रिज उघडला: चार अंश. गुहेत मुरवलेलं काब्रालेस चीज आणून आत ठेवलं तर पुढे लोण्यापासून काकडीपर्यंत सगळ्याला त्याचा वास. त्याचा दोष मी फ्रिजला देत नाही.

आता चार तारे. एक तारा कापला तो लेबलसाठी. गाडी बघायला जाल तेव्हा आधी फ्रिजचं दार उघडून वर्ग वाचा. टी असेल तर 43 अंशांपर्यंत काळजी नाही. कॉम्प्रेसरवाला मिळाला तर तिरकं-सरळ, डोंगर-सपाटी काही बघावं लागत नाही, पण मग बॅटरी आणि सोलर पॅनलचा खर्च धरा. पंख्यांचं बिल मी विक्रेत्याला पाठवलंय. अजून उत्तर नाही.