नाकापेक्षा मोती जड: स्पोर्ट्स कारचे ऑप्शन, वर्षभर वापरल्यावर

गाडी सध्या सर्व्हिस सेंटरमध्ये नाक वर करून उभी आहे. बेसमेंटच्या रॅम्पवर पुढचा भाग उचलायला नोज लिफ्ट लावली, नाक व्यवस्थित वर गेलं आणि मग खाली यायचं नावच घेईना. मीटरमध्ये पिवळा इशारा: सावकाश चालवा, गाडी दाखवून घ्या. राग ताजा आहे आणि हाताशी गाडी नाही, तेव्हा बरेच दिवस राहिलेलं लिहून टाकतो. नवी स्पोर्ट्स कार बुक करताना ऑप्शनच्या यादीतलं काय घ्यावं आणि कशाकडे ढुंकूनही पाहू नये, हा विषय. इंजिन, गिअरबॉक्स, शून्य ते शंभर हे सगळं तुम्हाला पाठ असणार, त्यात शिरत नाही.

आधीच सांगतो, मी चिक्कू आहे. कॉन्फिगरेटरमध्ये (कंपनीच्या साइटवर ऑप्शन निवडून गाडी जुळवायचं पान) रात्री केलेल्या खुणा सकाळी उठून काढणाऱ्यांपैकी. पण ही यादी बनवणारे आपल्यापेक्षा हुशार असतात. शिलाईच्या धाग्याचा रंग बदलावा म्हटलं, तर त्यासाठी चामड्याचं मोठं पॅकेज घ्यावंच लागतं. ते घेतलं की सीटबेल्ट कोणत्या रंगाचे, असं विचारतात. गाडीच्या रंगात रंगवलेली किल्ली आहे, चामड्यात मढवलेल्या एसीच्या जाळ्या आहेत, दार उघडलं की उजळणाऱ्या उंबरपट्ट्या आहेत. मूळ किमतीत पाव गाडीची भर पडते आणि एवढं होऊनही गाडी तसूभर वेगाने वळत नाही.

माझी चाळणी सोपी होती: ही गोष्ट नंतर बसवता येते का? येत असेल तर आत्ता पैसे नाहीत. पेंट प्रोटेक्शन फिल्म (रंग वाचवणारा पारदर्शक थर), पायाखालचे मॅट, डॅशकॅम, हिवाळी टायर, दुसरी चाकं हे सगळं नंतर, आणि बहुधा स्वस्तात. फिल्मबाबत एवढंच, की ती डिलिव्हरीनंतर लगेच लावा. पुढच्या बंपरला खड्यांचे टवके उडाल्यावर लावून काय उपयोग! याउलट कारखान्यातच बसणाऱ्या गोष्टी म्हणजे मेकॅनिकल लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारी आणि एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारी यंत्रणा), अडॅप्टिव्ह डॅम्पर (गरजेप्रमाणे मऊ-कडक होणारे शॉक ॲब्सॉर्बर), मोठी इंधन टाकी, सीट, आपोआप मंद होणारे आरसे, आणि ही लिफ्ट. हौशी मंडळी यांतलं काही नंतरही बसवतात, पण वायरिंग, कोडिंग, वॉरंटी अशी रांग लागते आणि खर्च दुप्पट होतो.

डिफरेन्शियलवर मी एका मिनिटात होकार दिला. वळणावर आतल्या चाकाची पकड सुटली, की साधा डिफरेन्शियल बाहेरच्या चाकालाही तेवढाच तोकडा जोर देतो. इंजिन किती का ताकदीचं असेना, उपयोग नाही. काही गाड्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून हे काम भागवतात. रस्त्यावर ते चालून जातं, ट्रॅकवर मात्र आधीच तापलेले ब्रेक आणखी तापतात. डीलरच्या माणसाला हा ऑप्शन यादीत शोधावा लागला. चामड्याच्या जाळ्या त्याला तोंडपाठ होत्या.

आता लिफ्टकडे येतो. हा सगळ्यात महाग ऑप्शन नव्हे, पण वर्षभर सगळ्यात जास्त शिव्या यानेच खाल्ल्या आहेत.

बहुतेक गाड्यांत ही यंत्रणा पुढचा भाग साधारण 3 ते 5 सेंटिमीटर उचलते. बोटभराहून थोडी जास्त उंची, पण बंपरखालची काळी पट्टी वाचणार की घासणार, हे तेवढ्यावर ठरतं. कल्पना उत्तम आहे. माझ्या गाडीत मात्र तिचं बटण स्क्रीनच्या आत आहे. मुख्य पान, त्यात 'वाहन', त्यात 'चासी', आणि तिथे लिफ्टचं चित्र. समोर स्पीडब्रेकर, मागून कोणीतरी हॉर्न दाबतंय आणि मी बोटाने पानं उलटतोय. खडबडीत रस्त्यावर बोट हलतं, 'चासी'ऐवजी 'चार्जिंग पोर्ट' उघडतं, परत मागे या. नेमकं त्याच वेळी फोनवर दिशा दाखवणारं ॲप सगळा पडदा व्यापून बसलेलं असतं. ड्राइव्ह मोडला स्टिअरिंगवर खास गोल बटण दिलंय, जे मी महिन्यातून एकदाही फिरवत नाही. लिफ्टला नाही!

हे कोणाला जमतच नाही असंही नाही. 2020 च्या शेव्हरोले कॉर्वेट सी8 ची लिफ्ट पुढचा भाग 40 मिलिमीटर वर नेते, तेही तीन सेकंदांच्या आत, आणि जीपीएसच्या आधारे 1,000 पर्यंत ठिकाणं लक्षात ठेवते. एकदा सांगायचं की या रॅम्पवर उचल, पुढच्या वेळी ती आपणहून उचलते. माझ्या गाडीला रोजचा रॅम्प रोज नव्याने सांगावा लागतो. ताशी 35 किलोमीटरच्या पुढे गेलं की नाक खाली घ्यायचं, हे मात्र तिच्या पक्कं लक्षात असतं, मग पुढचा स्पीडब्रेकर वीस पावलांवर का असेना.

आणि आता ती वरच अडकली. सर्व्हिस ॲडव्हायझर गाडीकडे न बघता टॅबलेटमध्ये बघून म्हणाला, "सर, हायड्रॉलिक पंप गेलाय. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल."

"वॉरंटीत आहे ना?"

"तपासावं लागेल सर. वापर कसा झालाय त्यावर असतं."

वापर कसा म्हणजे? वर-खाली करण्यासाठी दिलेली वस्तू मी वर-खाली केली. डावी-उजवीकडे करून पाहिली नाही. मी एवढंच म्हटलं, की पंप गेला असं कोणत्या चाचणीवरून ठरवलं ते लिहून द्या. त्यावर 'टेक्निकल टीमला विचारतो' असं उत्तर आलं आणि गाडी तिथेच राहिली. हे लिहितोय त्या क्षणी माझा सल्ला असा: लिफ्ट घेऊ नका, त्यापेक्षा रॅम्पवर तिरकी चढवायला शिका.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात गाडी परत आली. वरचं खोडत नाही, पण आता जरा वेगळं लिहावं लागतंय.

पंपाला काहीही झालेलं नव्हतं. तिथल्याच एका वयस्कर मेकॅनिकने आधी बॅटरीला मीटर लावला. 12 व्होल्टची साधी शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर काही तास विसाव्यानंतर 12.6 च्या आसपास दाखवते, 12.2 च्या आसपास ती अर्ध्यावर आलेली असते. माझी त्याच्याही खाली होती. गाडी आठवडाभर नुसती उभी असते, पण अलार्म, किल्लीची वाट पाहणारा रिसीव्हर, सतत नेटवर्कला चिकटलेलं मॉड्यूल यांचं पिणं चालूच असतं. मग एक दिवस जवळच्या जवळ फेरी होते, त्यात बॅटरी भरत नाही. लिफ्टच्या पंपाला एकदम मोठा करंट लागतो, व्होल्टेज खचतं, कंट्रोल युनिट ते पाहून यंत्रणाच बंद करतं. नाक जिथे असेल तिथे राहतं. बॅटरी पूर्ण चार्ज केली, फॉल्ट पुसला, नाक खाली आलं. असेंब्लीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. माझ्याकडून 'डायग्नोसिस' म्हणून पैसे घ्यायचा प्रयत्न झाला, तो मी होऊ दिला नाही.

तर या सगळ्या यादीतली सगळ्यात मोलाची वस्तू कोणती? बॅटरी मेंटेनर. ॲक्सेसरीजच्या अगदी शेवटच्या पानावर, छत्री आणि टोपीच्या मधे असतो तो. गाडी उभी असताना प्लग लावून ठेवायचा, तो बॅटरी हवी तेवढीच भरतो आणि थांबतो. कंपनीच्या नावाचा घ्यायची गरज नाही, बाहेरचा चांगला मिळतो. फक्त आपल्या बॅटरीच्या जातीला चालणारा हवा. वजन वाचवणारी लिथियम बॅटरी निवडली असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण शिसे-आम्लचा साधा चार्जर तिला चालेलच असं नाही. पोर्शेने 2010 च्या सुमारास जीटी3 सारख्या मॉडेलांना अशी बॅटरी ऑप्शन म्हणून दिली, तेव्हा 10 किलोहून जास्त वजन कमी झालं होतं. सोबत नेहमीची बॅटरीही देत, कारण कडाक्याच्या थंडीत लिथियमचा जोर कमी पडतो. किलोमागे केवढा खर्च, याचा हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला. त्यापेक्षा मी दहा किलो कमी करतो, फुकटात.

मेंटेनर लावल्यापासून लिफ्टने एकदाही कुरकुर केलेली नाही. त्यामुळे माझं मत आता असं: रोजच्या वाटेत एक जरी तीव्र रॅम्प असेल तर लिफ्ट घ्या. बटण स्क्रीनमध्ये आहे म्हणून माझा राग तसाच आहे. टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा इंजिनचा आवाज नंतर ऐका, आधी गाडी सुरू असताना त्या बटणापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते बघा.

सिरॅमिक ब्रेकबद्दल थोडं सविस्तर, कारण त्यावर लोक हमरीतुमरीवर येतात. कार्बन तंतूंच्या चकतीत वितळलेलं सिलिकॉन मुरवून ही चकती करतात. लोखंडीच्या तुलनेत वजन जवळपास निम्मं. पोर्शेने 2001 च्या 911 जीटी2 ला हे ब्रेक मूळचेच दिले होते, म्हणजे ही काही कालची गोष्ट नाही. वजन चाकापाशी कमी होतं, त्यामुळे स्टिअरिंग हलकं वाटतं, गंज नाही, चाकांवर काळी धूळ जवळजवळ नाही. हे सगळं खरं. पण टायर बदलणाऱ्याच्या हातून चाक काढताना चकतीच्या कडेला आपटलं आणि टवका उडाला, तर तुम्ही नवीन चकतीच्या दरपत्रकासमोर बसलेले असता. त्या दुकानातल्या प्रत्येक पोऱ्यावर नजर ठेवायची माझी तयारी नाही. मी लोखंडी घेतले. धुतल्यानंतर रात्रभरात तांबूस थर येतो, सकाळी दोन-चार ब्रेकमध्ये तो निघून जातो. चाकं धुवायला मात्र कंटाळा येतो, हे मान्य. मधला मार्ग म्हणजे लोखंडी चकतीवर टंगस्टन कार्बाइडचा थर. पोर्शेने 2017 च्या कायेनपासून तो आणला, पांढऱ्या कॅलिपरवरून (चकतीला चिमटीत धरणारा भाग) ओळखता येतो, आणि धूळ बरीच कमी करतो. माझ्या यादीत तो असता तर मी नक्की विचारात घेतला असता.

कार्बनच्या पाठीचे फिक्स्ड बकेट सीट, म्हणजे पाठ न कलणारे, अंगाला घट्ट धरणारे. शोरूममध्ये बसलात तर पाच मिनिटं छान वाटतात. निदान अर्धा तास बसा, मग खिशातला फोन काढून बघा, मग उतरून बघा. कंबरेचं माप आणि सीटचं माप जुळलं तर याच्यासारखं सुख नाही, नाही जुळलं तर कुठलंही ॲडजस्टमेंट तुमच्या मदतीला येणार नाही. मी साधे स्पोर्ट सीट घेतले. चालकाच्या बाजूचा बाहेरचा उंचवटा चढता-उतरता घासून आत्ताच चमकायला लागलाय, ती गोष्ट मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नसते.

अडॅप्टिव्ह डॅम्पर घ्याच. रोजच्या रस्त्यावर मऊ, हवे तेव्हा कडक. काही गाड्यांत डॅम्परमधल्या तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण असतात आणि चुंबकीय क्षेत्राने ते तेल क्षणात घट्ट होतं. पहिल्यांदा हे 2002 च्या कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये आलं, स्पोर्ट्स कारमध्ये नाही, एका आरामशीर सेडानमध्ये. मात्र डॅम्पर घेऊन वर एक इंच मोठी चाकं घेतलीत, तर एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं. टायरची बाजू पातळ होते, प्रत्येक सांधा पाठीत जाणवतो आणि खड्ड्यात रिम वाकायची भीती वेगळीच.

मॅट रंग: नको. पॉलिश करून ओरखडा काढता येत नाही, चकाकी येते. एखादा भाग रंगवायचा झाला तर पूर्ण पॅनेल. महागडी साउंड सिस्टीम: मागे इंजिन ओरडत असताना कोण ऐकतंय. स्पोर्ट एक्झॉस्ट: घ्या, पण शांत करायचं बटण आहे ना ते पाहून, सकाळी लवकर निघणाऱ्यांच्या शेजाऱ्यांसाठी. मोठी इंधन टाकी, मिळत असेल तर डोळे झाकून. यादीतल्या इतर गोष्टींच्या मानाने तिची किंमत किरकोळ असते आणि प्रत्येक लांबच्या प्रवासात तिचा उपयोग होतो.

आरसे राहिले. आपण जमिनीला टेकून बसलेले असतो आणि मागच्या एसयूव्हीचे दिवे थेट डोळ्यांच्या पातळीवर येतात. आपोआप मंद होणारे आरसे नसतील तर रात्रीचा हायवे नकोसा होतो. ऑर्डर लॉक व्हायच्या आदल्या दिवशी मी ही खूण केली आणि ती मात्र सकाळी उठून काढली नाही. सोबत रेन सेन्सर गळ्यात पडला, वेगळा काढता येत नाही. तो काच कोरडी असतानाही वायपर फिरवतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात बंद करून टाकला. त्याचं बटण, कौतुकाची गोष्ट, दांडीवरच आहे.