टीबीच्या गोळ्या चालू आहेत, लिव्हरसाठी सोबत काय घ्यावं?

माझ्या मामींना टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्याच दिवशी त्यांच्या उशाशी गुळवेलीच्या काढ्याचा पेला आला. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. भीतीही खरी होती. पहिल्या दोन महिन्यांतल्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात.

तरी गुळवेल मी सर्वांत आधी बाद करेन. 2020 च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांकडे गुळवेल घेतलेले, लिव्हरला सूज आलेले सहा रुग्ण आले. त्यांची माहिती 2021 मध्ये छापून आली. वेलीची नीट ओळख पटवली नव्हती, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आक्षेप मान्य केला, तरी दारात कुणी आणून दिलेली वेल नेमकी कोणती, हे आपल्याला तरी कुठे ओळखता येतं? शिवाय काढा चालू असताना कावीळ झाली, तर दोष काढ्याचा की गोळ्यांचा, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मग टीबीचं औषध थांबवावं लागतं, आणि तेच सगळ्यांत महागात पडतं.

हळद भाजीत, दुधात खुशाल घ्या. कॅप्सूल मात्र नको. नुसतं कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, अंगी फारसं लागत नाही, म्हणून त्यात मिरीचा अर्क घालतात. अमेरिकेत अशा हळदीच्या कॅप्सूलांमुळेच लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत.

आवळा खायला हरकत नाही. औषध म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका.

सिलिमरिन मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांतून काढतात. टीबीच्या रुग्णांवरच्या अभ्यासांत कुठे फायदा दिसला, कुठे काहीच नाही. सहसा पोट थोडं बिघडण्यापलीकडे त्रास होत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी लिहून दिलं तर जरूर घ्या. पण ते चालू आहे म्हणून तपासणी टाळू नका.

एन-ॲसिटिलसिस्टिन हे औषध लिव्हरमधलं ग्लुटाथायॉन, म्हणजे विषारी पदार्थ निकामी करणारं द्रव्य, भरून काढतं. पॅरासिटामॉल जास्त पोटात गेलं, तर आठ तासांच्या आत दिलेलं हेच औषध लिव्हर वाचवतं. टीबीच्या गोळ्यांच्या बाबतीत त्याचा पुरावा इतका पक्का नाही. घरी आपल्या मनाने घ्यायची ही गोष्ट नव्हे.

मामींसाठी आम्ही एसजीपीटीच्या तपासणीवर भर दिला. लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं हे एन्झाइम. त्रास होत असताना त्याचा आकडा नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट झाला, किंवा त्रास नसतानाही पाचपट झाला, की डॉक्टर गोळ्या थांबवतात. अन्न नकोसं झालं, मळमळ सुरू झाली, लघवी कोऱ्या चहासारखी दिसली, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना गाठा.