बदकाच्या अकरा आंट्या : 'फाइव्ह इन अ रो' घरी वापरून पाहिल्यावर

"एकच पुस्तक सलग पाच दिवस वाचायचं? दुसऱ्या दिवशी पोरं खिडकीतून पळतील," असं आमच्या ह्यांचं भाकीत होतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. तरीही घरी शिकवायची ही 'फाइव्ह इन अ रो' मार्गदर्शिका घेतली, कारण त्याआधी जे जे आणलं होतं त्याला मी विटले होते.

आम्ही मूळचे नगरचे (आता अहिल्यानगर, पण जीभ वळत नाही), राहतो टेक्सासमध्ये. थोरला आठ वर्षांचा, धाकटी सहा. दोघांना घरीच शिकवतो, त्याला आता दोन वर्षं होतील. इथे घरची शाळा ही कायद्याने खासगी शाळाच धरतात. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व एवढं मनापासून शिकवा म्हणतात, बाकी कोणी दारात येऊन वह्या तपासत नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतली कितीतरी घरं हेच करतात, त्यामुळे ख्रिस्ती घरांसाठीच्या वाचनसाहित्याला तोटा नाही. तोटा आहे तो कल्पनेचा. नोहाच्या तारवातले प्राणी मोजा, नोहाच्या तारवातले प्राणी रंगवा, नोहाच्या तारवातल्या प्राण्यांची स्पेलिंगं लिहा. तिसऱ्या वर्कबुकला थोरला म्हणाला, "आई, ह्यात तरी तारू बुडतं का?"

तर 'फाइव्ह इन अ रो'. जेन क्लेअर लॅम्बर्ट या बाईंनी हे १९९४ साली काढलं. हे गोष्टींचं पुस्तक नाही, आईबापांसाठीची मार्गदर्शिका आहे. एक चांगलं चित्रपुस्तक घ्यायचं, सोमवार ते शुक्रवार रोज पूर्ण वाचायचं आणि वाचून झालं की एका दिवशी भूगोल-समाज, एका दिवशी भाषा, मग चित्रकला, गणित, विज्ञान, असा एकेक विषय त्याच गोष्टीतून उकलायचा. पाच ते आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चालतं. प्रत्येक पुस्तकाची एक छोटी गोल चकती असते. ती रंगवून, कापून, भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ती गोष्ट जिथे घडते तिथे लावायची. मुख्य मार्गदर्शिकेत बायबलचे धडे नाहीत. त्याची पुरवणी वेगळी मिळते, आणि घेणाऱ्यांच्या हे बरेचदा आधी लक्षात येत नाही.

माझी प्रत वापरलेली आहे. ऑनलाइन विकणाऱ्याने 'उत्तम स्थिती' लिहिलं होतं. पाकीट उघडलं तर चकत्यांच्या पानांना नुसती गोल भोकं, आणि गणिताच्या सूचनांवर कोणाच्या तरी लेकराने जांभळ्या खडूने वादळ काढलेलं. पैसे परत मागायचा कंटाळा केला. लोणच्याच्या बरणीचं झाकण ठेवून कार्डपेपरवर गोल आखले आणि चित्रं मुलांकडूनच काढून घेतली. आता वाटतं, नवी प्रत असती तरी असंच करावं. धाकटीने काढलेलं बदक बटाट्यासारखं दिसतं, पण ती नकाशासमोरून जाताना रोज त्याला हात लावते.

ते बदक म्हणजे पिंग. 'द स्टोरी अबाउट पिंग' हे १९३३ सालचं पुस्तक, चीनमधल्या यांगत्से नदीवर नावेत राहणाऱ्या एका बदकाचं. संध्याकाळी नावेवर सगळ्यात शेवटी चढणाऱ्या बदकाला पाठीत फटका बसतो. एकदा उशीर झाल्यावर तो चुकवायला पिंग गवतात लपून राहतो आणि हरवतो. गोष्ट एवढीच. पण पहिल्याच पानावर त्याच्या खटल्याची मोजदाद आहे: आई, बाप, दोन बहिणी, तीन भाऊ, अकरा आंट्या, सात अंकल आणि बेचाळीस कझिन.

इथे आमची गाडी जी अडकली ती दीड तास निघाली नाही. मी वाचता वाचता मराठीत सांगत होते, आणि धाकटीने विचारलं, "आंट्या म्हणजे मावश्या की आत्या?" आता काय सांगणार! व्हिडिओ कॉलवर आजी होत्याच. म्हणाल्या, "अगं, सात अंकल आहेत ना? ते काका-मामा असतील तर त्यांच्या सात बायका, काकू आणि माम्या. अकरातून सात गेल्या, उरल्या चार, त्या आत्या-मावश्या." थोरला लगेच, "मग त्या चौघींचे नवरे कुठे गेले?" तेही अंकलमध्येच धरावे लागणार, म्हणजे सगळा हिशोब पुन्हा मांडा. फळ्यावर बदकांची वंशावळ झाली. चुलत किती, मामे किती, आते किती, मावस किती यावर भावाबहिणीत भांडण जुंपलं. शेवटी एकूण बेरीज सदुसष्ट आणि पिंग धरून अडुसष्ट, एवढ्यावरच एकमत झालं. मार्गदर्शिकेत हे कुठेही नाही. इंग्रजीत एका शब्दात संपणारं नातं मराठीत किती घरं हिंडून येतं, हे मुलांना एरवी कसं शिकवलं असतं, मला ठाऊक नाही.

विज्ञानाच्या दिवशी कागदाच्या एका बदकाला खोबरेल तेल लावलं, एकाला नाही, आणि दोघांवर पाणी शिंपडलं. गोष्टीत गळ्यात धातूची कडी घातलेले मासे पकडणारे पक्षीही येतात. मोठा मासा गिळता येऊ नये म्हणून ती कडी. हे तर आपले पाणकावळे! लहानपणी जायकवाडीच्या पाण्यात खुंटावर पंख पसरून बसलेले पाहिले होते, ते मुलांना सांगितलं. धाकटीला मात्र कड्याचा इतका राग आला की तिने आपल्या चित्रातल्या पक्ष्याचं कडं खोडरबराने पुसून टाकलं.

बायबलचा भाग आम्ही रात्री करतो. पुरवणीत गोष्टीला धरून चारित्र्याचे मुद्दे आणि उतारे असतात, पण मी ते दर वेळी घेतेच असं नाही. पिंगसाठी लूकच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय काढला. मला वाटलं होतं, हरवलेलं मेंढरू सरळ बसेल. थोरल्याने मान हलवली. पिंगला शोधायला कोणीच गेलं नव्हतं, तो आपणहून परतला, म्हणजे तो त्याच अध्यायातला, घर सोडून जाऊन परत आलेला उधळ्या पुत्र. बरोबर होतं. मग धाकटी: "पण त्याच्या बाबांनी मिठी मारली. पिंगला फटका का?" कारण परतल्यावरही पिंग शेवटीच चढतो आणि फटका खातोच. मी म्हटलं, उद्या बोलू. पाच दिवस वाचायचं असल्याचा हा एक मोठा फायदा, 'उद्या बोलू' म्हणता येतं आणि उद्या खरंच बोलावं लागतं.

माझ्या जुन्या प्रतीत 'द क्लाउन ऑफ गॉड' पण आहे. टोमी दपाओला यांनी एका जुन्या दंतकथेवरून केलेलं. म्हातारा झालेला, लोकांनी हाकललेला एक बाजीगर नाताळच्या रात्री देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मरियेच्या मांडीवरच्या बाळ येशूच्या मूर्तीसमोर शेवटचा खेळ करतो. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या अमेरिकन मिशनचं वळण, देवळात मूर्ती नाही, त्यामुळे मी जरा बिचकतच हातात घेतलं. सोमवारी वाचताना माझाच आवाज अडकला. आमच्याकडे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंग वाहिले, कीर्तनं केली. या बाजीगराने चेंडू वाहिले. मुलांना डोंबाऱ्याचा खेळ म्हणजे काय हे मोबाइलवर दाखवलं, आणि आठवडाभर घरात कांदे-बटाटे उडत होते. एक अंडंही.

खर्चाचं म्हणाल तर मार्गदर्शिका एकदाच घ्यायची, पण गोष्टींची पुस्तकं त्यात येत नाहीत. ती एकेक जमवायची. बरीचशी इथल्या लायब्ररीत मिळतात, काही छापायची बंद झालीत, त्यांची नावं लावून थांबावं लागतं. आधी पुस्तक हातात, मग आठवडा ठरवा. मी एकदा उलटं केलं आणि सोमवारी पुस्तकाशिवाय बसले. अक्षरओळख आणि रोजचं गणित यात नाही, ते वेगळं करायलाच हवं. भारतात बसून सगळी पुस्तकं मागवायची तर माझ्या मते परवडणार नाही. तिकडच्या कोणी विचारलं तर मी सांगेन, पद्धत घ्या आणि पुस्तकं आपली घ्या.

हे मी हवेत बोलत नाही. गेल्या महिन्यात लायब्ररीचं पुस्तक वेळेवर आलं नाही, तेव्हा आजींना म्हटलं, "आई, चिमणी-कावळ्याची गोष्ट पाच दिवस सांगाल का?" त्या हसल्या. "पाच काय, तुझ्या नवऱ्याला पाच वर्षं सांगितली आहे." रोज संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या पहाटे, फोनवर कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. विज्ञानाला मेणबत्तीचा तुकडा आणि मातीची ढेकळं नळाखाली धरली (शेण टेक्सासच्या सबडिव्हिजनमध्ये कुठून आणू). भाषेला 'थांब, माझ्या बाळाला' पासून पुढची सगळी वाक्यं पाठ. बायबलला मी मत्तय ७ काढला होता, खडकावरचं घर आणि वाळूवरचं घर, म्हणजे मेणाचं आणि शेणाचं. छान जुळवलं म्हणून मी खूश. थोरला तोच अध्याय वरून वाचत आला आणि सातव्या वचनावर बोट ठेवून थांबला: ठोका म्हणजे तुमच्यासाठी उघडले जाईल.

"मग चिमणीने का नाही उघडलं?"

आजी फोनवर गप्प. इतकी वर्षं ही गोष्ट सांगताना चिमणीला कोणी जाब विचारला नव्हता. धाकटी चिमणीच्या बाजूने, बाळ लहान होतं म्हणून. थोरला कावळ्याच्या, पाऊस पडत होता म्हणून. शुक्रवारपर्यंत निकाल लागला नाही.

चकती करायची तर गोष्ट घडते कुठे, हा प्रश्न आला. आजी म्हणाल्या, "आमच्या अंगणात. बाभळीखाली." नकाशावर नगर नव्हतंच, मी पुण्याच्या जरा उजवीकडे पेन्सिलने टिंब काढून दिलं. धाकटीने बरणीच्या झाकणाएवढी चकती त्यावर चिकटवली. तिच्याखाली अख्खा महाराष्ट्र गेला, गोव्यासकट.