बेळगावात बसून आयरिश शिट्टी शिकलो

आमच्या टिळकवाडीत हार्मोनियम, तबला शिकवणारे भरपूर आहेत पण टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी आयरिश बासरी, शिकवणारं कुठं मिळणार, म्हणून आयर्लंडच्या क्लेअरमधल्या एका जोडप्याचा ऑनलाइन क्लास लावलो, आता चार महिने झाले. बाई व्हिसल शिकवतात, त्यांचे मिस्टर इलिन पाइप्स वाजवतात, म्हणजे तोंडानं न फुंकता कोपराखाली भाता दाबून वाजवायचं वाद्य, २०१७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, ते पहिल्यांदा समोर ऐकलो तेव्हा अंगावर काटाच आला!

शिकवायची पद्धत एकदम आपल्या गुरूंसारखी. नोटेशन नंतर, आधी कानानं. दोन ओळी वाजवणार, आपण तसंच वाजवायचं, नाही जमलं की परत. मी बासरी थोडी शिकलेला, सहा भोकं हितं पण आहेत, म्हणून वाटलं सोपं जाईल पण नाही हो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ते विसरा, हितं सगळा खेळ बोटाच्या झटक्याचा, त्याला कट म्हणतात, तो रोलमध्ये, म्हणजे एकाच स्वराभोवती बोटांनी घ्यायच्या सजावटीत, बसवायला मला तीन आठवडे लागले. जिग, म्हणजे नाचाची आयरिश धून, सहा मात्रांची, पण दादऱ्यासारखी धरली की बाई लगेच थांबवतात, वजन वेगळं पडतं म्हणून. एक ट्यून तर सरळ खमाज थाटातली वाटली, मी गाऊन दाखवलो, दोघं केवढे खूश झाले.

नेट गेलं की त्रास होतो, आणि वेळ रात्री साडेनऊची. तरी फी वसूल. बासरीवाल्यांनी नक्की लावा, डी स्वराचीच व्हिसल घ्या.